मागे राहिलेल्यांचा पैसा

वारसा या शब्दाची आपल्या समाजाला ओळख होऊन फार दिवस झालेले नाहीत. आमच्या आजोबांनी आमच्या वडिलांना वारसा म्हणून काय दिले? निजामी राजवटीत गावकीची कामे करायची, मेलेले ढोर ओढायचे, रात्री-बेरात्री सांगावा घेऊन कोसभर पळायचे आणि खळ्यावर पसाभर बलुते मागायचे, हाच तो वारसा. अशा वारशावर कोणी दावा लावत नाही, त्यावर सावकाराचा डोळा नसतो आणि त्याच्या वाटणीवरून भावाभावांत भांडणही होत नाही.

१९४८ साली निजाम गेला. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५६ साली धम्मदीक्षा झाली. खेड्यापाड्यांतील पोरे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन शिकायला बाहेर पडली. त्यांतले कोणी जिल्हा परिषदेत शिक्षक झाले, कोणी एस. टी. त कंडक्टर, कोणी वीज मंडळात वायरमन, कोणी रेल्वेत गँगमन. त्या पिढीतील आणि तिच्या मागून आलेल्या पिढीतील माणसे आता एकेक करून जात आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, आपल्या जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत आज अशी बौद्ध कुटुंबे आहेत की ज्यांच्या घरात पहिल्यांदाच बापाच्या माघारी काही लाख रुपये आले. विम्याचे आले, फंडाचे आले, ग्रॅच्युइटीचे आले. कोणाची जमीन अकोला-नांदेड महामार्गात गेली, त्याचा मावेजा आला. आपल्या हजारो वर्षांच्या इतिहासातील हा पहिला वारसा आहे. म्हणून तो दोन वर्षांत संपतो तेव्हा आम्हाला फार लागते.

आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि रविवारी विहारात बसतो. वाणिज्य शाखेचे थोडे शिक्षण झालेले असल्यामुळे वंदना संपली की लोक पिशवीतून कागद काढतात. कुणाचे पासबुक, कुणाची पॉलिसी, कुणाला आलेली वकिलाची नोटीस. वीस वर्षे हे कागद वाचून आम्ही एक गोष्ट शिकलो. पैसा मिळवण्याची विद्या आपल्याला आली, पण मिळालेला पैसा मागे राहिलेल्यांसाठी टिकवण्याची विद्या अजून आलेली नाही.

सेनगाव तालुक्यातील एका घराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती माऊली हयात आहे. तिचा नवरा खांबावर काम करताना गेला. मागे ती, दोन मुलगे आणि दहावीत शिकणारी मुलगी. सगळे हिशेब होऊन बारा-तेरा लाख रुपये घरात आले. ते येण्याआधीच घरात माणसे यायला लागली होती. पुण्यानुमोदनाला मंडप मोठा घातला, पाचशे माणसांचे जेवण झाले, ते उधारीवर. मंडपवाला, किराणावाला पहिले. मग थोरल्याने सांगितले, जीप घेऊन वडाप करतो. जीप आली, हप्ते सुरू झाले. मग धाकट्याला मोटारसायकल. मग थोरल्याचे लग्न. आपले लग्न म्हणजे बुद्धवंदना आणि पुष्पहार, पण या लग्नाला मंगल कार्यालय, डी. जे. आणि घोडा. थोरला आधी कधी दारू पीत नव्हता. खिशात पैसा आल्यावर पाजणारे भेटले. एका मित्राला त्याने दीड लाख हातउसने दिले, त्याचा कागद नाही. जीपचे हप्ते थकले, ती फायनान्सवाल्याने ओढून नेली. शेवटी एका सावकाराकडून घेतलेल्या रकमेपायी घराची जागा गहाण पडली.

सव्वादोन वर्षांत हे सगळे झाले. मुलीचे शिक्षण बारावीला थांबले. ती माऊली विहारात आली तेव्हा रडत नव्हती. एवढेच म्हणाली, "दादा, पैसा व्हता तवा समदे व्हते. लेकरायच्या बापानं जीव दिला अन् त्यो पैसा लोकायनं खाल्ला."

आपल्याकडे अशा वेळी पोराला शिव्या घालून माणसे मोकळी होतात. पोरगा चुकला हे खरेच आहे. पण ज्या घराने कधी दहा हजार एकरकमी पाहिले नाहीत, त्या घरातील बावीस वर्षांच्या मुलाच्या हाती बारा लाख दिले तर तो सांभाळेल कसा? नदीला बांध नसला की पाणी जाते. आपली कयाधू पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिच्यात झिरे खोदावे लागतात. बांध कोणी घातला होता, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न केवळ गरिबांच्या पोरांचा नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत वाराणसीच्या महाधन श्रेष्ठीपुत्राची कथा आहे. आईबापाकडे ऐंशी कोटींचे धन. त्यांनी विचार केला, एवढी संपत्ती असताना पोराला कामधंदा शिकवायचा कशाला? त्याला नुसते गाणे-बजावणे शिकवले. बायको मिळाली तीही तेवढ्याच धनाची आणि तशीच वाढलेली. आईबाप गेल्यावर दारुड्यांनी त्याला हेरले. आधी त्याचे ऐंशी कोटी गेले, मग तिचे गेले, मग शेत, बाग, गाड्या, शेवटी भांडीकुंडी आणि घर. म्हातारपणी नवराबायको हातात खापर घेऊन विहारापाशी उरलेसुरले अन्न मागत होते. भगवंतांनी आनंदाला ते दाखवून सांगितले, की तरुणपणी याने धन कामाला लावले असते तर या नगरात हा पहिल्या श्रेणीचा श्रेष्ठी झाला असता. श्रेष्ठीने धन ठेवले होते, पण ते लेकराच्या हाती किती, केव्हा आणि कशासाठी पडावे याची काहीच व्यवस्था ठेवली नव्हती.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग आपत्तीसाठी राखून. हा चौथा भाग कमावत्या माणसाच्या माघारीही राखलेला राहावा, याची कायदेशीर सोय आहे का? आहे. तिला विश्वस्त व्यवस्था म्हणजे ट्रस्ट म्हणतात.

ट्रस्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा, वसतिगृह किंवा देवस्थान येते. ते सार्वजनिक ट्रस्ट. त्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. आम्ही बोलतो आहोत तो खासगी, घरच्यापुरता ट्रस्ट. त्याला १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागू आहे. त्यात तीन माणसे असतात. एक, पैसा किंवा मालमत्ता देणारा. दुसरा, ती सांभाळणारा विश्वस्त. तिसरा, जिच्यासाठी ती सांभाळायची ती व्यक्ती, म्हणजे लाभार्थी. मालमत्ता विश्वस्ताच्या नावे होते, पण ती त्याची नसते. त्यातून त्याला स्वतःचा एक पैशाचा फायदा करून घेता येत नाही. त्याने हिशेब ठेवायचा आणि लाभार्थ्याने मागितला की दाखवायचा. विश्वस्त खोटा निघाला तर दिवाणी न्यायालय त्याला काढून दुसरा नेमू शकते. पैसा खाल्ला तर विश्वासघाताचा फौजदारी गुन्हाही होतो. आणि एकदा काम स्वीकारले की मनाला आले म्हणून अंग काढून घेता येत नाही.

ट्रस्ट दोन प्रकारे करता येतो. हयातीत दस्त करून किंवा मृत्युपत्रात लिहून. घर-जमीन त्यात घालायची असेल तर हयातीतला दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. त्यात बापाने असे लिहावे, की माझ्या माघारी अमुक रक्कम विश्वस्तांनी मुदत ठेवीत ठेवावी, व्याजातून घरखर्च द्यावा, मुलीची फी थेट कॉलेजात भरावी आणि मुद्दल मुले पंचवीस वर्षांची झाल्यावर वाटावे. सेनगावच्या त्या घरात एवढे चार ओळींचे लिहिलेले असते, तर जीप आणि घोडा दोन्ही टळले असते.

आता देणेकऱ्यांचे पाहू, कारण इथे लोकांचा फार गोंधळ होतो. समजा बापाने ट्रस्टमध्ये स्पष्ट लिहिले, की माझ्या धाकट्या मुलाचा वाटा एक तृतीयांश. मग तो वाटा त्याचा झाला आणि त्याचे सावकार त्या वाट्यामागे येऊ शकतात. अमेरिकेत ट्रस्टच्या कागदात असे कलम घालता येते, की मुलाने आपला वाटा गहाण टाकायचा नाही आणि त्याच्या देणेकऱ्यांनी त्याला हात लावायचा नाही. तिथली न्यायालये ते मानतात. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात अशी पूर्ण बंदी घालणारी अट सहसा टिकत नाही. लाभार्थी कर्जबाजारी झाला तर त्याचा हक्क संपेल, असे लिहिलेलेही टिकत नाही.

म्हणून आपल्याकडे जाणते वकील वेगळी वाट घेतात. वाटा ठरवूनच द्यायचा नाही. विश्वस्तांनी तिन्ही मुलांपैकी ज्याला, जेव्हा, जितकी गरज दिसेल तितके द्यावे, असे लिहायचे. मग जोवर विश्वस्तांनी रक्कम हातात दिली नाही तोवर त्या मुलाचे असे काही नसतेच, आणि जे त्याचे नाही त्यावर त्याचा सावकार जप्ती आणणार कशी? अशा मर्जीच्या ट्रस्टच्या उत्पन्नावर कराचा दर मात्र बहुधा चढा लागतो. मृत्युपत्राने केलेल्या काही ट्रस्टना सवलत असते. कागद करण्याआधी कर सल्लागाराला विचारलेले बरे.

एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. देणे बुडवायला ट्रस्ट नाही. स्वतःवर कर्ज झाले, दावा लागणार असे दिसले आणि घाईघाईने घर बायकोच्या नाहीतर ट्रस्टच्या नावे केले, तर देणेकऱ्यांना फसवण्यासाठी केलेला व्यवहार म्हणून न्यायालय तो रद्द करते. आणि न्यायालयाचे सोडा, आपण पंचशील म्हणणारी माणसे. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख एक आहे. ऋण फेडून ते सुख मिळते, लपवून नाही. मृत्युपत्रातल्या ट्रस्टचेही तसेच. मयताचे खरे देणे आधी चुकवायचे, राहील त्याचा ट्रस्ट.

पण आपल्यातील शंभरातील नव्वद माणसे वकिलाकडे जाऊन ट्रस्टचा दस्त करणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. विहारात एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला तोंडावर विचारले, "हे बंगलेवाल्यांचे धंदे आहेत, आमच्या दोन खोल्यांत ट्रस्ट कुठे ठेवायचा?" त्याला आम्ही विम्याचा मार्ग सांगितला. ज्याच्या घरी एलआयसीचा एजंट येतो त्या प्रत्येकाला हा मार्ग मोकळा आहे, आणि एजंट सहसा तो सांगत नाही.

१८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. मुळात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन स्त्रिया त्यातून वगळलेल्या होत्या. पण पुढच्या दुरुस्त्यांनी त्यातील सहावे कलम, विम्याचे कलम, आपल्याकडच्या सर्वांसाठी खुले झाले. ते कलम सांगते, की विवाहित पुरुषाने आपल्या जीवनावर पॉलिसी घेताना ती पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या फायद्यासाठी आहे असे तिच्यावर लिहिले, तर ती पॉलिसी आपोआप ट्रस्ट होते. तिच्यावर त्या माणसाची मालकी राहत नाही, ती त्याच्या देणेकऱ्यांना मिळत नाही, त्याच्या इस्टेटीतही मोजली जात नाही. वेगळा दस्त नको, वकील नको. प्रस्तावाच्या फॉर्मसोबत एक जादा फॉर्म भरायचा, त्यात लाभार्थी आणि विश्वस्त लिहायचे. पत्नीलाच विश्वस्त नेमता येते. विश्वस्ताचे नावच लिहिले नाही तर रक्कम शासनाच्या अधिकृत विश्वस्ताकडे जाते आणि हेलपाटे पडतात, म्हणून नाव लिहायला विसरू नये.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. हे पॉलिसी घेतानाच करावे लागते, जुनी साधी पॉलिसी मागाहून अशी करून मिळत नाही. दुसरे, एकदा केले की नवऱ्याला लाभार्थी बदलता येत नाहीत, पॉलिसीवर आपल्या मर्जीने कर्जही काढता येत नाही. तिसरे, देणेकऱ्यांना फसवायच्या हेतूनेच पॉलिसी काढली असे सिद्ध झाले तर हे संरक्षण तेवढ्यापुरते गळते.

वसमतच्या एका कंडक्टर बांधवाने हे केले होते. अशी एक पॉलिसी, विश्वस्त बायको, लाभार्थी दोन मुले. मनाने मोठा माणूस, मित्राच्या कर्जाला एका पतसंस्थेत जामीन राहिला. मित्र कर्ज थकवून परगावी गेला आणि हा हृदयविकाराने वारला. महिन्याभरात पतसंस्थेची नोटीस वहिनींच्या हाती. वसुलीचा माणूस दारात बसून म्हणू लागला, विम्याचे आले आहेत ना, त्यातून भरा. आम्ही आणि वकील मंडळींनी पॉलिसीची प्रत जोडून उत्तर दिले. विम्याच्या पैशाला कोणी हात लावू शकले नाही. कंडक्टरच्या स्वतःच्या नावावर एक प्लॉट होता. त्याच्या किमतीपुरते देणे खरे होते, म्हणून वहिनींनी तो विकला, तडजोड केली, पावती घेतली. आज थोरली मुलगी नर्सिंगला आहे आणि धाकटा अकरावीत. त्या वहिनी विहारात येतात तेव्हा ताठ मानेने येतात.

त्यांच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट सर्वांनी घ्यावी. बापाचे कर्ज पोराने फेडलेच पाहिजे, असे सावकार छातीठोक सांगतो आणि आपली माणसे घाबरून नवा कागद करून देतात. कायदा तसे म्हणत नाही. मयताची जितकी मालमत्ता वारसाच्या हाती आली तितक्यापुरतीच वारसाची जबाबदारी. बापाच्या ऋणाला मुलगा धर्माने बांधलेला असतो, हा जुना हिंदू कायद्याचा नियम २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरता संपला. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू असल्याने ती दुरुस्ती आपल्यालाही लागू आहे. तेव्हा सावकाराच्या स्टॅम्प पेपरवर मुलाने नव्याने अंगठा किंवा सही करू नये. बिनपरवान्याचा सावकार असेल आणि त्याने जमीन घर लिहून घेतले असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळते.

काही पैशांना कायद्यानेच कुंपण घातलेले आहे. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याप्रमाणे सभासद वारल्यावर जो फंड नॉमिनीला मिळतो तो मयताच्या आणि नॉमिनीच्या आधीच्या देण्यांतून मुक्त असतो. ग्रॅच्युइटीवर आणि पेन्शनवर दिवाणी न्यायालयाची जप्ती येत नाही. पोस्टातील पीपीएफ खात्यावरही कर्जापोटी जप्ती आणता येत नाही. वर्षाला पाचशे रुपये भरूनसुद्धा ते चालू ठेवता येते आणि पंधरा वर्षे ते सहज मोडता येत नाही. हातमजुरी करणाऱ्यासाठी हा बिनकागदाचा ट्रस्टच म्हणा.

शासनाने आणि न्यायालयांनीही हे तत्त्व मानलेले आहे. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला मदतीचे १ लाख रुपये ठरले, तेव्हा २००६ च्या शासन निर्णयात ३० हजार हातात आणि ७० हजार मासिक प्राप्तीच्या ठेवीत अशी पद्धत घालून दिली. सगळी रक्कम रोख दिली तर ती दुसऱ्याच दिवशी सावकाराच्या ओट्यावर जाईल, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. मोटार अपघाताच्या भरपाईबाबत गुजरात उच्च न्यायालयाने १९८२ साली, आणि पुढे केरळच्या एस. टी. महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अज्ञान मुलांची व निरक्षर वारसांची रक्कम मुदत ठेवीत ठेवून व्याज घरखर्चाला द्यावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. न्यायाधीश दुसऱ्याच्या लेकरांसाठी एवढा विचार करतो, तर बापाने स्वतःच्या लेकरांसाठी का करू नये?

आता दुसरी बाजू, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. कळमनुरी तालुक्यात आमच्याकडे एक बैठक झाली. महामार्गाच्या मावेजाचे पैसे एका विधवा बहिणीच्या खात्यावर आले होते. तिचे दीर आणि भाया म्हणाले, "तिला काय कळतं? आपण ट्रस्ट करू, आम्ही दोघं विश्वस्त." आम्ही उभे राहून विरोध केला. ट्रस्ट हा शब्द वापरून विधवेचा पैसा दिराच्या खिशात घालायचा असेल, तर तो ट्रस्ट नव्हे, लूट आहे. स्त्रीला मालमत्तेचा पुरा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाचा आग्रह धरला आणि ते रखडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या हाती आलेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. पत्नी, मुलगा, मुलगी आणि मयताची आई यांचा वाटा सारखा. त्या हक्काला सासरच्यांनी कुलूप लावायचे नाही.

म्हणून नियम साधा ठेवावा. बापाने आपल्या पैशाची व्यवस्था आपल्या हयातीत करावी. बाईने आपल्या वाट्याची व्यवस्था आपल्या मर्जीने करावी. अज्ञान मुलांच्या वाट्याची राखण कायदा करतो. त्यांच्या नावची जमीन घर आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बाकी कोणी तिच्या वतीने ठरवायचे कारण नाही. त्या बैठकीत त्या बहिणीला आम्ही विचारले, बाई, तुमचे काय म्हणणे? तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, "माझ्या दोन्ही पोरींच्या नावानं पोस्टात टाका. मला महिन्याला येऊ द्या. कोणी मागाया आलं तर म्या म्हणंल, पैसा बांधून पडलाय." तिने एका दमात ट्रस्टचे सगळे मर्म सांगितले. मागणाऱ्याला नाही म्हणायला माणसाला आधार लागतो. दारात नणंदेचा नवरा हात जोडून उभा असताना बाईला नाही म्हणता येत नाही. पैसा बांधलेला आहे म्हटले की नातेही राहते आणि पैसाही.

ज्याला ट्रस्ट करायचा आहे त्याने विश्वस्त निवडताना डोळे उघडे ठेवावे. मांजराच्या हाती शिंक्याची राखण देऊ नये. एक विश्वस्त पत्नी असावीच. दुसरा घराबाहेरचा, ज्याला त्या पैशात वाटा नाही, जो कर्जबाजारी नाही आणि जो पीत नाही. शक्य तर दोघांच्या सहीशिवाय बँकेतून रक्कम निघू नये अशी सोय ठेवावी. वर्षातून एकदा, बुद्ध पौर्णिमेला म्हणा, मुलांसमोर हिशेब वाचावा. मुलगी सज्ञान झाली की तिलाही विश्वस्त करून घ्यावे.

आपण समाजासाठी वर्गणी देतो, विहार बांधतो, १४ एप्रिलला रात्रभर मिरवणुकीत नाचतो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली तेव्हा समाजाचा पैसा एका माणसाच्या हाती न ठेवता संस्थेच्या नियमांत बांधला. तीच शिस्त आपण आपल्या घरात आणायची आहे. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतली, ती पाळली तर अर्धा वारसा तिथेच वाचतो. पुण्यानुमोदनाचे जेवण लहान ठेवले, लग्न विहारात केले, तर आणखी थोडा वाचतो. उरलेल्याला कागदाचे कुंपण घालावे.

या महिन्यात प्रत्येक घराने एवढे करावे. पॉलिसी, फंड, बँक, पोस्ट यांवर नॉमिनीचे नाव आहे का आणि ते बरोबर आहे का, ते पाहावे. अनेकांच्या फंडावर अजून लग्नाआधीचे नाव आहे. नवी पॉलिसी घेणार असाल तर १८७४ च्या कायद्याचा जादा फॉर्म एजंटाकडे मागावा, तो नाही म्हणाला तर शाखेत जावे. घर-जमीन असेल त्याने मृत्युपत्र करावे. आणि सगळे कागद कुठल्या पेटीत आहेत ते बायकोला आणि मोठ्या मुलीला दाखवून ठेवावे. वाचता येत नसेल तर रविवारी विहारात घेऊन यावे. आम्ही आणि आमचे सहकारी तिथे बसलेले असतो.

जयभीम.